उष्टं गाणं

चार मार्च. बेंजोच्या तारा बदलायला बसले आहे. जत्रांचा हंगाम तोंडावर आला, पहिला कार्यक्रम आठवड्यावर आहे आणि मधल्या दोन तारांना गंज चढलाय. हे काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही. जुनी तार काढायची, खुंट्या पुसायच्या, बटणांच्या खाली शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडायचा, नवी तार ओढायची आणि ती ताणून बसेपर्यंत थांबायचं. यातलं थांबणं मला जमत नाही. नवी तार लगेच सुरात राहत नाही. लावली की उतरते, पुन्हा लावली की पुन्हा उतरते. तेवढ्या वेळात मी दोनदा उठून गॅसवरची आमटी बघून आले, दारातली तुळशीची कुंडी उन्हातून सावलीत आणि सावलीतून परत उन्हात ठेवली, आणि आता हात रिकामे राहू नयेत म्हणून हे लिहायला घेतलंय.

लोक विचारतात ते एकदा लिहून टाकलेलं बरं. माझी गाणी मीच लिहिते, चाल मीच लावते, स्वयंपाकघरातला पंखा बंद करून मोबाइलवर मीच रेकॉर्ड करते आणि मीच लोकांपुढं टाकते. मागं कंपनी नाही, कुणी गुरू नाही. त्यामुळं मुलाखतीला येणाऱ्या मुलींना वाटतं, यामागं काहीतरी मोठी गोष्ट असणार. "मावशी, पहिलं गाणं कसं सुचलं?" असं त्या फार हळू आवाजात विचारतात. पहिलं गाणं कडबाकुट्टीवर, म्हणजे वैरण कापायच्या यंत्रावर, सुचलं. आणि त्याची वाट कशी लागली, ते सांगायला हळू आवाजाची गरज नाही, कारण ती वाट साऱ्या तालुक्यानं लाउडस्पीकरवर ऐकली होती.

तेव्हा मी बारावी होऊन घरी बसले होते. बसले होते असं म्हणायची पद्धत आहे, बसू कुणी देत नव्हतं. आमचं गाव इस्लामपूरपासून जवळ, चारी बाजूंनी ऊस. उसात राहणाऱ्या माणसाला लांबचं काही दिसत नाही. रस्त्यावरून एसटी गेली तरी फक्त तिचं टप दिसायचं, शेंड्यांवरून सरकत गेल्यासारखं. कारखान्याचा भोंगा झाला की आई भाकरी थापायला घ्यायची. हंगामात दिवसभर उसाचे ट्रॅक्टर, प्रत्येकाचं गाणं वेगळं आणि प्रत्येकाचा आवाज पुढच्यापेक्षा मोठा. वारा फिरला की मळीचा वास घरात शिरायचा, तो भाताला, उशीला, केसांना लागायचा. त्यात माघात हळद शिजायला लागली की काहिलीच्या वाफेनं सगळं घर पिवळं. आमच्या भाकरीवरसुद्धा बोटांचे पिवळे ठसे असायचे आणि वर हिरव्या मिरचीचा खर्डा. पाहुण्यांना वाटायचं, या घरात कुणाला तरी कावीळ झालीय.

तात्या, म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार होऊन आलेले. त्यांच्या बोलण्यात निम्मी हिंदी राहून गेली होती. सहा बजे म्हणजे सहा. "बात खतम" म्हणाले की खरंच संपलेली असायची, पुढं बोलणाऱ्याला घर सोडून गोठ्यात जावं लागे. भाऊ त्यांच्यामागोमाग फौजेत गेला होता आणि वर्षातून एकदा ट्रंक घेऊन यायचा. आई शेत, गोठा, चूल आणि तात्यांचं घड्याळ हे सगळं सांभाळून वर सगळ्यांना बोलायची. भिंतीपलीकडं आप्पा राहायचे, तात्यांचे धाकटे भाऊ. चूल वेगळी झाली होती तरी चहा आमच्याकडंच. आप्पांना सगळ्यांची कामं अंगावर घ्यायची हौस. कुणाचं लग्न, कुणाची मोटर जळली, कुणाचा दाखला अडला, आप्पा पुढं. आणि बोलायला तोंडात साखर. तो माणूस मला आवडायचा, आजही आवडतो, आणि मी त्यांच्यावर जेवढी चिडले तेवढी पुढं नवऱ्यावरही चिडले नाही.

बेंजो तात्यांचा. बुलबुलतरंग म्हणतात ते हेच, आमच्याकडं बेंजो. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची आणि उजव्या हातानं तारा छेडायच्या. लग्नाच्या वरातीत गाडीवर बसून वाजवतात तो. तात्यांना तो जालंधरच्या एका सोबत्यानं बदलीच्या वेळी दिला होता. त्यांना दोनच गोष्टी वाजवता यायच्या, बिगुलाची एक धून आणि गणपतीची आरती, आणि दोन्ही एकाच लयीत. नंतर तो ट्रंकेवर काळ्या घोंगडीत गुंडाळून पडला. मी नववीत असताना तो काढला. शॅम्पूची बाटली कापून तिचा तुकडा तारा छेडायला घेतला आणि ट्रॅक्टरवरची गाणी शोधत बसले. एक ट्रॅक्टर वळणावरून गावच्या पाराशी येईपर्यंत मुखडा बोटात बसला पाहिजे अशी मीच मला शर्यत लावायची. वरातीत बेंजो वाजवणारे सगळे बापे, त्यामुळं मला कुणी शिकवलं नाही आणि कुणी अडवलंही नाही. पोरीनं टिंगटिंग केलं, एवढंच घरच्यांच्या लेखी होतं.

कडबाकुट्टीचं चाक फिरवलेल्या माणसाला कळेल मी काय म्हणते. ते चाक वर जाताना जड जातं आणि खाली येताना हातातून सुटल्यासारखं पळतं. ओढा, ओढा, आणि मग धाव. रोज संध्याकाळी म्हशींसाठी वैरण कापताना ते माझ्या अंगात बसलं होतं, आणि एक दिवस त्यावर शब्द आले. माझे पाय तेव्हा फार वळवळायचे. कुठं जायचंय ते माहीत नव्हतं. मुंबई नको होती, पुणं पाहिलेलं नव्हतं. नवऱ्याच्या घरी जाणं सगळ्यांच्या मनात होतं, माझ्या मनात नव्हतं. नुसतं इथून उठावंसं वाटायचं. चाक ओढताना मी म्हणायला लागले:

एक डोळा दुधावर, एक वाटंवर,
उतू गेलं दूध, आय बोलली घरभर,
जायाचं हाय गं मला जायाचं हाय,
कुठं ते ठावं न्हाई, पन जायाचं हाय.

चांगलं गाणं आहे असं मला वाटलं नाही. हे गाणं ट्रॅक्टरवर कुठंच नाही, एवढं मात्र कळलं, आणि त्यानं मला झोप येईना.

हळद विकायला तात्या सांगलीला जायचे आणि पोती उतरवून घेताना एक माणूस लागतो म्हणून मला न्यायचे. पेठेत मगदूमांचं अडतीचं दुकान होतं. जैन घर, बोलण्याला थोडं कानडी वळण. थोरले भाऊ हळदीचा सौदा बघायचे. धाकटे, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, त्यांना कॅसेटचं वेड. गोदामाच्या मागच्या खोलीत त्यांनी भिंतीला भिंत हळदीची पोती रचून मध्ये एक माइक टांगला होता. बाहेरचा आवाज पोत्यांतून आत येत नाही, असा त्यांचा शोध. तिथं गाणाऱ्याला निम्म्या गाण्यात शिंक यायची. पण तिथं टेप केलेल्या कॅसेटी जत्रेजत्रेत विकल्या जायच्या, कव्हरवर गाणाऱ्याचा फोटो असायचा आणि त्या फोटोलाही हळद लागलेली असायची.

तात्या पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी, आणायला गेले असताना मी अण्णांना म्हणाले, "मी गाणं केलंय."

"कुणाच्या चालीवर?"

"माज्याच."

ते हसले नाहीत. दोन बोटं मांडीवर वाजवत म्हणाले, "म्हन." मी तिथंच, पोत्यावर बसून, बेंजोशिवाय अर्धं म्हटलं. त्यांची बोटं मध्येच थांबली. "चाक हाय का काय हे?" असं विचारलं, आणि मला एवढा आनंद झाला की उरलेलं अर्धं म्हणायचं राहूनच गेलं. मग ते म्हणाले, "हितं पोत्यावर सगळीच बरी गात्यात. तुमच्या जत्रंला येतो. चार लोकांपुढं म्हन, लोकं काय करत्यात बघू. बरं वाटलं तर कॅसेटची एक बाजू तुजी. पन एक ध्यानात ठेव, गाणं कोरं पायजे. कुठं वाजलेलं माझ्याकडं चालत न्हाई. कोऱ्या कापडाचं गिऱ्हाईक मी."

कोरं तर होतंच. आईनं ऐकलं होतं आणि म्हशींनी ऐकलं होतं.

जत्रेला दोन महिने होते. मी दुसरं कडवं जुळवायला घेतलं. ते मोठ्यानं म्हणायची माझी हिंमत नव्हती, ते मनातच फिरत होतं. मुखडा आणि पहिलं कडवं मात्र मी बेंजोवर रोज घोटायची, भिंतीला पाठ लावून. आणि भिंतीच्या पलीकडं आप्पा होते.

त्या वर्षी कारखान्याची निवडणूक होती. ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांना सांगते, आमच्याकडं आमदारकीला माणूस एवढा जागत नाही जेवढा कारखान्याच्या संचालकपदाला जागतो. आप्पा एका पॅनेलमधून उभे राहिले. चिन्ह कपबशी. घरात चहाला येणारी माणसं वाढली, आई दिवसभर आधण ठेवत होती आणि म्हणत होती, "चिन्हापायी चहाच पाजायचा, तर कपबशीपरीस आभाळातलं इमान तरी घ्यायचं हुतं." प्रचाराला सांगलीहून एक तीनचाकी आणली होती, टपावर दोन कर्णे बांधलेली. ती चालवणारे युनूसचाचा, मिरजेचे, तोंडात कायम सुपारी. आप्पांनी नवा टेपरेकॉर्डरही आणला होता.

मी भुईमुगाच्या रानात खुरपत होते. लांबून गाडी येत होती, रस्ता उसाआड असल्यामुळं आधी नुसता आवाज आला. चाल ओळखीची वाटली. मला वाटलं माझ्या डोक्यातच वाजतेय, कारण ती डोक्यात कायम वाजायचीच. मग शब्द कळायला लागले. इस्लामपूरच्या ऑर्केस्ट्रातला कुणीतरी बापई आवाज होता:

एक डोळा उसावर, एक काट्यावर,
शिक्का मारा बाई कपबशीच्या माथ्यावर,
द्यायाचं हाय गं मत द्यायाचं हाय,
दुसऱ्याला ठावं न्हाई, पन द्यायाचं हाय.

शेजारच्या सरीतल्या बाया खुरपं खाली ठेवून तालावर मान हलवायला लागल्या. एक म्हणाली, "लय झ्याक केलंय गं, कुनी केलं आसंल?" मी उठले आणि तशीच मातीच्या हातानं घरी गेले.

आप्पा ओट्यावर चहा पीत होते, तात्या शेजारी खुर्चीवर. मला बघून आप्पांचा चेहरा उजळला. "ऐकलंस? म्या म्हनलं, आधी सांगायचं न्हाई, कर्ण्यावरच ऐकू दे पोरीला."

"आप्पा, ते माजं गाणं हाय."

"तुजंच तर. भिंतीपलीकडनं टेप केलं आन दिलं ऑर्केस्ट्रावाल्यास्नी पाठवून. आगं, आख्ख्या तालुक्यात वाजतंय. दुसऱ्या कुनाच्या पोरीचं वाजतंय का?"

"त्यात माजं काय ऱ्हायलंय? शब्द कुठं हायत माजे?"

"शब्दाचं काय घिऊन बसलीस? चाल तर तुजी हाय. आन खरं सांगू का, तुज्या शब्दात ऊस न्हाई, वजनाचा काटा न्हाई. कुठं जायाचं ते बी ठावं न्हाई म्हंतीस. आसल्या गाण्याला मत कोन देनार?"

ते अगदी मनापासून बोलत होते. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, त्यांना कळलं तरी असतं. मला नुसता राग आला आणि रागात मी शब्द विसरते. तात्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "घरचा आदमी उभा हाय. घरची चीज घरच्यानं वापरली. बात खतम."

बात खतम झाल्यावर बोलायची सोय नव्हती, पण आई चुलीपासून म्हणाली, "भावजी, माजं पातेलं न्यायाचं तर इचारून नेता. पोरीचं गाणं न्यायाला इचारावं वाटलं न्हाई व्हय?"

"वयनी, पातेल्याला काय, पोचा पडतो," आप्पा हसत म्हणाले. "गाण्याला काय हुतंय?"

काय होतं ते पुढं तीन आठवडे ऐकलं. गाडी सकाळी जायची, दुपारी यायची, संध्याकाळी वेशीत थांबायची. पोरं शाळेत म्हणत होती, ऊसतोडणीच्या बाया फडात म्हणत होत्या, पलीकडच्या आळीत बारशाला पाळण्यावर कुणी तरी हेच म्हटलं. मी घरात बेंजो उचलला की आप्पांची धाकटी पोरगी भिंतीपलीकडून "मत द्यायाचं हाय" म्हणून साथ द्यायची. मी दुसरं काही करायला घेतलं तर हात फिरून तिथंच यायचे. मी घरात एका जागी बसेनाशी झाले. पाणी भरून झालं की परत भरायची, झाडलेलं अंगण झाडायची, विहिरीवर जाऊन काही न आणता परत यायची. आई म्हणाली, "तुला काय झालंय? मांजरीवानी घर बदलतीयास." आजचे लोक म्हणतात, मावशी, तेव्हा तुमचं गाणं व्हायरल झालं की. हो, झालं. आपलं पोर रस्त्यात दुसऱ्याच्या नावानं हाका मारून नाचवतात तसं झालं.

आप्पा पडले. त्यांचं पूर्ण पॅनेल पडलं, कपबशी औषधालाही उरली नाही. त्यांनी दोन दिवस दाढी केली नाही, तिसऱ्या दिवशी आमच्याकडं चहाला आले आणि म्हणाले, "गाणं मात्र आपलंच वरचढ हुतं." यावर आई काही बोलली नाही, यावरून तिला त्यांची किती दया आली होती ते समजावं.

मग जत्रा आली. पालखी झाली, पुरणाचा नैवेद्य झाला, दुपारी कुस्त्या झाल्या. दिवेलागणीच्या आत कुस्त्यांच्या फडाच्या मैदानावरच ट्रॉली उभी करून तिचं स्टेज केलं. गावच्या पोरांचं भजन, एक नाच, मग मी. माइक आणि कर्णे युनूसचाचांचे, प्रचाराची गाडी जत्रेलाच ठेवून घेतली होती. अण्णा स्कूटरवरून आले होते. पांढरा सदरा, मांडीवर रुमाल अंथरून खुर्चीवर बसले, तालमीच्या मास्तरांच्या शेजारी. मी त्यांना वरून पाहिलं, आणि माझ्या मनात एवढाच हिशोब होता, की माझे शब्द एकदा नीट कानावर पडले तर लोकांना फरक कळेल. लोक समंजस असतात असं मला त्या वयात वाटायचं.

बेंजोवर मुखड्याचे पहिले चार सूर वाजले असतील नसतील, मैदान उठलं. "द्यायाचं हाय!" मी माझी ओळ म्हटली, ती कुणाला ऐकू गेली नाही. मलासुद्धा गेली नाही. पुढं जिंकलेल्या पॅनेलचे लोक बसले होते, त्यांच्यातला एक आवाज म्हणाला, "आगं बाय, फुटली की कपबशी!" दुसरा म्हणाला, "बशी ऱ्हायलीया, तीच वाजवतीया." लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते. वाईट हेतूनं नाही, कुस्त्या बघून आलेली माणसं, मजेत होती. आप्पा कडेला उभे होते ते हळूच मागं सरकले आणि गर्दीत दिसेनासे झाले. मी थांबले नाही. गाणं मध्ये सोडलं तर त्यांचंच होईल असं वाटलं. कडवं पूर्ण केलं, दोन्ही वेळा मुखडा घेतला, बेंजो उचलला आणि ट्रॉलीच्या मागच्या बाजूनं उतरले. शिट्ट्या वाजल्या. खूप आवडलं होतं त्यांना.

अण्णा मागं आले. रुमालाची घडी घालत होते. "बाई, गाणं वंगाळ न्हाई," ते म्हणाले. "पन उष्टं झालंय."

"म्या न्हाई केलं."

"कुनी का करंना. ताटातलं खाल्लेलं कुनी खाल्लं ते कोन बघतंय? आता ही कॅसेट काढली तर लोकं म्हनतील पडलेल्या पॅनेलची हाय." मग रुमाल खिशात घालत म्हणाले, "आवाज बरा हाय तुजा. देवीची गाणी म्हन, सिनेमाच्या चालीवर. चालतील. सोमवारी खोली मोकळी हाय, ये."

मी म्हणाले, "मला हेच म्हनायचंय."

"मग लोकांच्या तोंडातनं कपबशी काढून दाखव. काढलीस तर मी हायच की बसलेला." ते चिडून म्हणाले नाहीत, टाळायला म्हणाले. स्कूटरला किक मारली, ती तिसऱ्या किकेला सुरू झाली आणि ते गेले.

सोमवारी खोली मोकळी होती. मी तिथंच ट्रॉलीच्या चाकाला टेकून उभी राहिले आणि खरंच विचार केला. देवीची गाणी म्हणायला हरकत नव्हती, देवीचं माझं भांडण नव्हतं. कव्हरवर फोटो आला असता, आईनं तो शेजारणींना दाखवला असता. पण मग मला हेही दिसलं, की मी त्या खोलीत एकदा दुसऱ्याच्या चालीवर बसले की अण्णा मला परत माझ्या चालीवर कधी बसवणार नाहीत. त्यांच्या दृष्टीनं ते सोयीचं नव्हतं. व्यापारी माणूस, गैर काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात मटणाचा दिवस. पहाटेपासून घराघरात खोबरं भाजल्याचा आणि वाटणाचा वास, पाट्यांचा आवाज, प्रत्येक दारात पाहुणे. युनूसचाचा पाराजवळ गाडी पुसत होते. कर्णे टपावरच होते, बॅटरी आत, माइक वायरीला गुंडाळलेला. मी बेंजो घोंगडीत बांधला आणि त्यांना विचारलं, "चाचा, सांगलीला निघालाय न्हवं? ज्या रस्त्यानं परचार केला त्याच रस्त्यानं जाऊया."

"लांब पडतंय बेटी."

"म्हनून तर."

त्यांनी सुपारी या गालातून त्या गालात नेली, कर्ण्याकडं बघितलं, बेंजोकडं बघितलं आणि म्हणाले, "घरी सांगून ये."

आई पाट्यावर होती. "मटणाला थांबत न्हाईस?" एवढंच विचारलं आणि भाकरीत खर्डा गुंडाळून दिला. तात्या दारात राखुंडीनं दात घासत होते. मी म्हणाले, "तात्या, सांगलीला चाललीय. मगदूम अण्णांकडं." त्यांनी बेंजोची घोंगडी ओळखली. बराच वेळ चूळ भरली. मग म्हणाले, "परत येताना चारची एसटी पकड. चार बजे म्हणजे चार."

गाडीत मागं बसले, माइक पुढच्या दांडीला ओढणीनं बांधला, बेंजो मांडीवर. पहिल्या गावाच्या वेशीत मुखडा सुरू केला आणि काल झालं तेच झालं. पोरं गाडीमागं धावली, "कपबशी! कपबशी!" एक म्हातारा छपरातून ओरडला, "आरं, निवडणूक झाली की रं, आता कुनाला मागताय?" चाचांनी मागं वळून विचारलं, "बंद करू?" मी म्हणाले, पुढं घ्या, पण आवाज बंद ठेवा, मला इचार करू द्या.

दोन गावांच्या मधल्या उसात मी विचार केला. चूक लोकांची नव्हती. पहिल्या चार सुरांनीच त्यांच्या तोंडात पुढचे शब्द येत होते, माझे शब्द तिथं पोचायच्या आतच. मग ते चार सूर द्यायचेच नाहीत. आप्पांनी भिंतीपलीकडून टेप केला होता मुखडा आणि पहिलं कडवं. दुसरं मी कधी मोठ्यानं म्हटलंच नव्हतं. त्याची चाल वेगळी होती, चाक वर जातानाची, फक्त ओढ. ते उष्टं नव्हतं. पुढच्या गावात शिरताना मी तिथूनच सुरू केलं, आणि गाडीच्या हळू चालीनं:

वळचणीची चिमणी उडून गेली,
तिला कुनी इचारलं न्हाई, कवा आली,
माज्या पायात वारा हाय, घरात माय...

पोरं आली, थांबली, त्यांना काय ओरडावं ते सुचेना. पाण्याच्या टाकीजवळ एक बाई वाटणाचे लाल हात वर धरून रस्त्यात आली आणि गाडीपुढं उभी राहिली. "कोन गेलं गं?"

"कोन न्हाई. गाणं हाय."

"आसं व्हय. येवढ्या हळू म्हंतीयास, म्हनलं कुनाचं मयत पुकारतीयास का काय." तिनं आत वाकून बघितलं. "कुनाचं हाय?"

"माजं."

"मग म्हन की पुढं. थांबलीस का?"

मी पुढं म्हटलं. आता मुखडा आला, सगळ्यात शेवटी, आणि तोही मी चाकासारखा पळू दिला नाही. जायाचं हाय गं मला जायाचं हाय. पारावरून एकानं लगेच सवयीनं आवाज दिला, "द्यायाचं हाय!" ती बाई त्याच्याकडं वळली नाहीसुद्धा. म्हणाली, "गप रं मुडद्या, ऐकू दे." तो गप बसला. तिनं हाताला लागलेलं वाटण सुकेपर्यंत ऐकलं, मग परत पाट्याकडं गेली.

ते गाणं मी आजही चिमणीपासूनच सुरू करते. संगीत जाणणारे लोक त्यात काहीतरी रचना बघतात, मी त्यांना बघू देते.

त्यानंतर सात-आठ गावं झाली. सगळीकडं जमलं नाही. एका ठिकाणी कुत्री मागं लागली, एका ठिकाणी जिंकलेल्यांपैकी एकानं गाडी अडवून चाचांना जाब विचारला, त्याला चाचांनी सुपारी दिली. पण कृष्णेचा पूल ओलांडला तेव्हा माझा आवाज बसला होता आणि दोन गावांत पोरं मागून "जायाचं हाय" ओरडत आली होती. ते चुकीच्या सुरात होतं, पण शब्द माझे होते.

पेठेत ऊन चढलं होतं. हमाल पोती उतरवत होते, सगळ्या रस्त्यावर पिवळी धूळ. मगदूमांच्या गोदामाचं शटर अर्धं वर होतं आणि आत अण्णांचे पाय दिसत होते, खुर्चीवर, मांडीवर रुमाल. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. मी चाचांना गाडी उलटी लावायला सांगितली, टपावर चढून दोन्ही कर्णे हातानं शटरकडं फिरवले, खाली उतरून तार सुरात घेतली आणि चिमणीपासून सुरू केलं.